तेरावा जबाब

“त्या चपला माझ्याकडे आहेत,” द्वारकाकाकू म्हणाल्या.

टीव्हीवर नदीचा घाट दिसत होता. शेवटच्या पायरीवर दोन चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या. कॅमेरा त्यांच्यावरून हलेचना. पाण्याचा आवाज येत होता, आणि फार लांबून कुठूनतरी झांजेचा. मग पाटी आली, ‘तेरा जबाब. भाग पहिला.’

“काकू, मालिका आहे ती,” बंडू गुरव म्हणाला. “दुकानातनं आणल्या असतील चपला. शूटिंग झाल्यावर कुणीतरी घालून गेलं असेल घरी.”

“अंगठे गावाकडे आहेत,” काकू म्हणाल्या. “बघ नीट. पाण्यात उतरणारी बाई पाण्याकडे तोंड करून चपला काढते. माझ्या नलूच्या चपलांचे अंगठेसुद्धा गावाकडेच होते.”

बंडू गप्प झाला. त्याला गप्प करणं सोपं नव्हतं.

हे त्र्याण्णव सालचं. आमचं गाव कृष्णाकाठचं, दत्ताच्या देवळाभोवती वसलेलं. मी कन्याशाळेत शिकवायची आणि रविवारी संध्याकाळी देवळात दामोदरबुवांच्या कीर्तनाला पेटीची साथ करायची. बंडू देवळाचा गुरव, तबलाही त्याचाच. आळीत टीव्ही फक्त माझ्याकडे, म्हणून रविवारी चारला ‘तेरा जबाब’ बघायला दोघंही यायची, आणि तिथूनच आम्ही तिघं सहाच्या कीर्तनाला जायचो.

द्वारकाकाकूंची नलू अकरा वर्षांपूर्वी दत्तजयंतीच्या दिवशी गेली. सासर गावातलंच, वरच्या आळीतलं. घाटावर चपला सापडल्या. नदी चार दिवस धुंडाळली, काही मिळालं नाही. गावानं बुडाली म्हणून धरलं. तेराव्याला काकूंनी पिंड ठेवू दिला नाही. जावई वर्षभरात दुसरी करून सांगलीला गेला. काकू तेव्हापासून लोकांच्यात कमी आणि घाटावर जास्त.

मालिकेतही एक सासुरवाशीण घाटावरून नाहीशी झालेली. दर भागात एक गावकरी इन्स्पेक्टरसमोर बसून जबाब द्यायचा. सोनार, शेजारीण, दूधवाला, सासू. भाग तेरा, जबाब तेरा. तेरावा कोणाचा, यावर गावभर पैजा लागल्या.

“बाई, लिहून ठेवा,” बंडू मला म्हणायचा. “तेरावा जबाब प्रेताचा.”

“प्रेत बोलतं का रे?”

“मालिकेत बोलतं. नाहीतर नावाडी. नावाड्याचे डोळे बघितलेत? पापणी लवत नाही मेल्याची.”

तो दर सोमवारी टीव्ही केंद्राला कार्ड टाकायचा, नवा तर्क लिहून. उत्तर कधी आलं नाही. मालिका लिहितंय कोण, तेही कळेना. नाव शेवटी यायचं, पण नेमक्या त्या वेळी आमच्या पडद्यावर मुंग्या यायच्या.

काकू तर्क करायच्या नाहीत. त्या पुढचं सांगायच्या. “आता ही म्हणेल, हातावरचे चटके मी पाहिले होते, पण आपण कशाला बोला,” आणि पडद्यावरची शेजारीण तेच म्हणायची, त्याच शब्दांत. चौथ्या भागापासून बंडू त्यांच्या शेजारी बसेनासा झाला. दाराजवळ बसायचा.

“तुम्हाला आधी कसं कळतं?” मी एकदा विचारलं.

“मला सांगितलेलं आहे हे सगळं,” काकू म्हणाल्या. “अकरा वर्षांपूर्वी. एकेकानं घरी येऊन. तू पण आली होतीस.”

दामोदरबुवांकडे टीव्ही नव्हता. सत्तरी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण आवाज लोखंडासारखा. मी त्यांच्या आख्यानांवर वाढले. पूर्वरंगात बुवा विषय मांडायचे तेव्हा आपण डोकं हलवायचं, आणि उत्तररंगात कथा सुरू झाली की आपलं म्हणून काही उरायचंच नाही. मला देव कुठे भेटला असेल तर त्या तासाभरात. त्यामुळे बुधवारी मी तालमीला जायची तेव्हा बुवा स्वतःहून विचारायचे, “काय गं सुलभा, या खेपेला कोणाचा जबाब झाला?” तेव्हा मला हसू यायचं. आयुष्यभर ज्याचं ऐकलं तो माझं ऐकायला बसलाय! मी रंगवून सांगायची. बुवा चिपळ्या मांडीवर ठेवून ऐकायचे. मधेच म्हणायचे, “आणि तिची आई? आईचा जबाब झाला का?”

“अजून नाही, बुवा.”

“हं.”

नववा भाग झाल्यावर मी बंडूचे तर्क त्यांना ऐकवले. प्रेत, नावाडी, सोनार.

“आख्यान ऐकताना लोक कुठे चुकतात सांगू?” ते म्हणाले. “जो धावतो त्याच्याकडे बघतात. शोधायला कोण धावलं, रडलं कोण, ओरडलं कोण. जो जागचा हलला नाही त्याच्याकडे कोणी बघत नाही.”

मला ते इतकं आवडलं की रविवारी मी जसंच्या तसं बंडूला सांगितलं. बंडूनं मांडीवर थाप मारली. “फक्कड! म्हणजे मालिकेत कोण हललं नाही ते शोधायचं. देवळातला घंटा बडवणारा! तो उठलाच नाही.”

काकू पडद्याकडेच बघत होत्या. “बुवा असं म्हणाले?”

“हो.”

“स्वतःहून?”

“हो, काकू.”

त्या रविवारी काकू कीर्तनाला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आल्या, आणि नेहमीसारख्या खांबाआड न बसता अगदी पुढे, बुवांच्या समोर बसल्या. बुवांचा ताल एकदा चुकला. बंडूनं सांभाळून घेतला.

बाराव्या भागाच्या दिवशी घरात आम्ही तिघंच होतो. पडद्यावर देऊळ आलं. फुलांनी सजवलेला पाळणा, मंडप भरलेला, मध्ये कीर्तनकार, त्याचं तोंड दिसत नव्हतं. पेटीवर एक बाई होती. कॅमेरा हळूहळू तिच्या हातांवर आला. उजव्या करंगळीला पांढरी चिंधी बांधलेली होती.

मी माझी करंगळी चाचपली.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दत्तजयंतीला सकाळी प्रसादाचा नारळ खोवताना माझी करंगळी चांगलीच कापली होती. चिंधी बांधूनच पेटी वाजवली. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात?

ती बाई इन्स्पेक्टरला सांगत होती, “जन्माची वेळ सूर्यास्ताची, साहेब. सूर्यास्त झाला. पण बुवा आख्यान आवरेनात. मग त्यांनी मला खूण केली, पट्टी वाढव. मी वाढवली.”

“आणि दारात कोण उभं होतं?” इन्स्पेक्टरनं विचारलं.

“मला फक्त पट्टी कळते, साहेब.”

पाटी आली. बंडू उठला, माठातलं पाणी प्याला आणि उभाच राहिला. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

“मी उभी होते,” त्या म्हणाल्या.

आणि मला सगळं आठवलं. विसरले नव्हते मी ते. निराळ्या नावानं ठेवून दिलं होतं इतकंच. आमच्याकडे दत्तजन्माचं कीर्तन सुरू झालं की पाळणा हलेपर्यंत कोणी जागचं उठत नाही, मधे बोलत नाही. घरात कोणी आजारी असलं तरी निरोप दाराशी थांबतो. त्या वर्षी पाळण्याच्या दोरीचा मान नलूच्या नवऱ्याचा होता. तो सासऱ्यादिरांसह पहिल्या रांगेत, दोरी हातात धरून. सूर्य मावळला, बायका फुलं मुठीत घेऊन तयार, आणि बुवा थांबेचनात. कथेतून उपकथा काढत गेले. अनसूयेच्या कथेतून निघाले ते कुठल्या कुठे. तासभर! गावात पुढे कितीतरी वर्षं सांगत होते, बुवांची त्या दिवशी समाधी लागली होती, देवाचा जन्मसुद्धा खोळंबला. मीही तेच सांगायची. अभिमानानं सांगायची.

त्या तासाच्या सुरुवातीलाच द्वारकाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात दोन चपला. बुवांनी त्यांना पाहिलं होतं. मी बुवांना पाहताना पाहिलं होतं. आणि मग त्यांनी माझ्याकडे वळून बोट वर केलं होतं.

“उठून ओरडायला हवं होतं मी,” काकू म्हणाल्या. “पण कीर्तन चालू होतं. मोडवेना. तासभर तिच्या चपला धरून मी कथा ऐकली, सुलभा.”

“बुवांना ठाऊक होतं म्हणता?” बंडू कुजबुजला. “बुडताना ठाऊक होतं?”

“गप रे,” मी म्हणाले.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. बुधवारी तालमीला गेले नाही. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. ज्या माणसाच्या पायांशी बसून मी चांगलं म्हणजे काय ते शिकले, त्यानं एक मुलगी पाण्यात जाताना गावाला बसवून ठेवलं? आणि सूर त्याला मी दिला?

तेराव्या भागाला माझी खोली भरली. ज्यांनी पूर्वी एकही भाग पाहिला नव्हता तेही आले. चार वाजले. घाट, चपला, पाटी. खुर्चीवर एक म्हातारा येऊन बसला, कॅमेऱ्याकडे पाठ करून. इन्स्पेक्टर म्हणाला, “बोला.” म्हाताऱ्यानं मान वळवायला सुरुवात केली.

आणि वीज गेली.

एकच ओरडा झाला. कोणीतरी बाहेर जाऊन बघून आलं. “डीपी जळाली. उद्यापर्यंत विसरा!” लोक शिव्या देत, तर्क करत पांगले. “सोनारच होता, कान बघितले नाहीस का त्याचे?” असं म्हणत बंडूही निघाला, समया लावायला. पण त्याच्या बोलण्यात जीव नव्हता.

काकू अंधारल्या पडद्यासमोर बसून राहिल्या. मग पदर सारखा करून उठल्या.

“चल,” त्या म्हणाल्या. “सहा वाजतील.”

देवळात पंचवीसेक माणसं होती. नमन झालं, पूर्वरंग झाला. बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळी बुक्का लागला. आता कथा लावायची. बुवांनी तोंड उघडलं आणि काकू उठून उभ्या राहिल्या.

“बुवा, आज तेराव्या भागाचं आख्यान लावा. वीज गेली होती.”

मंडपात खसखस पिकली. “लावा, लावा! तुमच्याकडून ऐकू!” कोणीतरी म्हणालं.

बुवा हसले नाहीत. समईच्या उजेडात त्यांचा धड डोळा काकूंवर होता. मी पेटीवर हात ठेवून बसले होते आणि भाता ओढायला विसरले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता मंद्र सप्तकातला षड्ज गुणगुणला. मी सूर धरला.

“तेरावा जबाब कीर्तनकाराचा,” बुवा म्हणाले.

पुढे अर्धा तास हूं की चूं नाही. बुवांनी कथा सांगितली ती कथेसारखीच, हात नेहमीसारखे फिरवत, पण एकही विनोद नाही. एक मुलगी भर दुपारी कीर्तनकाराच्या दारात आली. हात उघडे करून दाखवले. म्हणाली, माहेरी गेले होते, परत पाठवलं. पुन्हा गेले, पुन्हा पाठवलं. आज नदीत जाते. कीर्तनकार म्हणाला, नदीत जाऊ नको, नदीवरून जा. नावाडी माझा माळकरी आहे. पलीकडून सातची गाडी आहे. माझी एक गुरुभगिनी आहे निपाणीच्या वाटेला, एकटी, गिरणी चालवते. तिच्याकडे उतर. मुलगी म्हणाली, सहाला नवरा घरी येईल, सातच्या आत मला गाडीतून ओढून काढतील. कीर्तनकार म्हणाला, त्याला मी बसवून ठेवतो.

“मुलगी नावेत बसली,” बुवा सांगत होते. “नाव सुटता सुटता तिच्या मनात आलं, मागे शोधत येतील. बुडाले असं त्यांना वाटू दे. तिनं चपला काढल्या आणि नावेतूनच वाकून पायरीवर ठेवल्या. नावेतून ठेवल्या म्हणून अंगठे गावाकडे झाले. एवढी एक चूक राहिली तिची. ती फक्त आईनं ओळखली.”

काकू मघाशीच खाली बसल्या होत्या. त्यांनी डावा हात जमिनीवर टेकला.

“सूर्य मावळला. देवाच्या जन्माची वेळ झाली. कीर्तनकार मनात म्हणाला, देवा, आज थोडा थांब. देव थांबला. मग दारात आई येऊन उभी राहिली.” बुवांचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. “कीर्तनकारानं तिला पाहिलं. मुलीनं शपथ घातली होती, आईला सांगायचं नाही, ती पुन्हा पाठवील. तो आईकडे बघत राहिला आणि गात राहिला. नदीपलीकडून गाडीचा हॉर्न ऐकू येईपर्यंत. त्यानं देवाला थांबवलं त्याचं त्याला काही वाटत नाही. आईला उभं ठेवलं, त्याचा जबाब तो आज देतो आहे.”

पाळणा नव्हता, आरती होती. ती झाली. लोक खुशीत होते. “बुवा, टीव्हीवाल्यांच्या तोंडात मारलीत!” म्हणत पाया पडून गेले. बंडूला मात्र कळलं होतं. त्यानं तबला खोळीत घातला, बुवांच्या पायाला हात लावला आणि पुन्हा कधीही, कोणाजवळही, या गोष्टीचा विषय काढला नाही. बंडूनं!

काकू बुवांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“अकरा वर्षं, बुवा.”

“शपथ होती.”

“मग आज?”

“शपथ दामोदरानं घेतली होती. आख्यानानं नव्हती घेतली,” बुवा म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडू लागले.

काकूंनी त्यांना रडू दिलं. मग विचारलं, “दार कुठल्या अंगाला आहे?”

“गिरणीच्या मागे.”

सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. मी शाळेला चिठ्ठी पाठवली. काकू वाटेत एकच वाक्य बोलल्या, “तिनं दार लावून घेतलं तर तू मला ओढून आणायचं नाहीस.”

बुवांनी सांगितलेलं गाव लहान, गिरणी लगेच सापडली. बंद होती, पण पट्टा नुकताच थांबलेला असावा, हवेत अजून पीठ तरंगत होतं. मागच्या बाजूला निळं दार. काकूंनी हात उचलला आणि तो तसाच राहिला. मी मोजत होते असं नाही, पण फार वेळ राहिला. मग त्यांनी कडी वाजवली.

दार उघडलं आणि मी एक पाऊल मागे सरले. समोर एक पांढरी बाई उभी होती. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा. अकरा वर्षं मेलेलं माणूस परत आलं तर असंच दिसावं. मग तिनं डोळे पुसले आणि पिठाखालून माणसाचा रंग दिसला.

“न्यायला आलीस?” नलूनं विचारलं.

“नाही,” काकू म्हणाल्या. “तुला दोनदा परत पाठवलं, ते माझं चुकलं. एवढं सांगायला आले. ऐकून घे, मग जाते.”

“दोनदा नाही. तीनदा. पहिली दिवाळी तू मोजलीच नाहीस.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. “तीनदा,” त्या म्हणाल्या.

नलू कडीला धरून उभी राहिली. गल्लीतून एक सायकल गेली. मग ती दारातून बाजूला झाली. “आत ये,” म्हणाली. “उन्हात उभी नको राहूस.”

दुपारी जेवताना मी तिला विचारलं, टीव्हीवाल्यांना हे सगळं तू कळवलंस का? तिनं भाकरी थापता थापता मान वर केली.

“कुठले टीव्हीवाले? माझ्याकडे टीव्ही नाही.”

“तेरा जबाब. रविवारी लागायची.”

“मी नाव पण ऐकलेलं नाही,” ती म्हणाली. “आणि मी काय कळवणार? कीर्तनात काय झालं ते मला कुठे माहीत? मी तेव्हा नावेत होते.”

मी करंगळी मुठीत घेतली आणि पुढे काही विचारलं नाही.

काकू परत आल्या नाहीत. गिरणीवर दळण मापून घ्यायला बसू लागल्या. मी एकटीच आले. गावात सांगितलं, काकू भाचीकडे राहिल्या. बुवांना सगळं सांगितलं, ते त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पुढच्या दत्तजयंतीला जन्म अगदी सूर्यास्ताला झाला, आणि तेच त्यांचं शेवटचं कीर्तन.

मी गिरणीवरून परतले त्या आठवड्यातच पुण्याहून आतेबहिणीचं पत्र आलं होतं. तिला मी मालिकेचा शेवट विचारला होता. तिनं चिडून लिहिलं होतं, ‘अगं, कसला शेवट! त्या मुलीची आई कुठल्याशा परगावी जाते, एका निळ्या दारापुढे उभी राहते, कडीला हात लावते आणि संपलं. दार उघडलं की नाही ते दाखवलंच नाही. इथे सगळे वैतागलेत.’

तो भाग लागला रविवारी. आम्ही कडी वाजवली सोमवारी.

अजूनही कधीतरी देवळाच्या पायऱ्यांवर जुनी मंडळी त्या मालिकेवर येतात. एकजण म्हणतो, दार उघडलंच नसणार, आईनं कमी छळलं होतं का? दुसरा म्हणतो, दारामागे कोणीच नव्हतं, मुलगी केव्हाच बुडाली होती, म्हातारीला भास. आवाज चढतात. मग कोणीतरी माझ्याकडे वळतं, “बाई, तुम्ही तेराच्या तेरा भाग बघितलेत. तुम्हाला काय वाटतं?”

“बाराच,” मी सांगते. “शेवटचा मी टीव्हीवर पाहिलेला नाही.”